लांडगटेकाचा वाटा

पाव्हणं, समोर ते खडकाळ टेकाड दिसतंय ना, त्याला लांडगटेक म्हणतात. त्याच्या पायथ्याला आम्हा धनगरांचा कळप उतरला, की दिवस मावळायच्या आधी आम्ही कुत्री बांधून ठेवतो. हसलात? हसा. लांडग्याच्या दारात कुत्री बांधणारा धनगर म्हणजे खुळाच की!

पण ऐका. पूर्वी इथं धुळा नावाचा मेंढका होता म्हणे. दोनशे मेंढरं आणि बायको मायाक्का, एवढाच त्याचा संसार. एका दुपारी टेकावरच्या लांडगिणीनं त्याचा लाडका एडका नेला. धुळ्याचं डोकं फिरलं. त्यानं तिच्या बिळात बाभळीचे काटे कोंबले आणि आग लावली. आत पिल्लं होती. लांडगीण दोन दिवस भोवती रडली, मग माळ सोडून गेली.

त्या वर्षी धुळा सुखानं झोपला. पण पूर्वी खोकणारं, लंगडणारं मेंढरू मागं पडायचं आणि लांडगीण ते उचलायची. रोगही तिच्याबरोबर जायचा. आता आजारी मेंढरू वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बाकीच्यांना चिकटून झोपू लागलं. त्याला मारायला धनगराचा हात उठत नाही. मायाक्का तर त्याला मांडीवर घ्यायची. बघता बघता रोज चार-पाच मढी ओढून टाकायची पाळी आली. झाडपाला झाला, बिरोबाला नवस झाला. दोनशेतली चाळीस उरली. तेव्हा कुठं धुळ्याला कळलं, आपण काय जाळलं ते.

त्यानं बिळाचं तोंड हातांनी उकरलं. आत एवढी एवढी हाडं! "चुकलो गं आई," म्हणत तो तिथंच कोसळला. मग त्यानं एक खोकणारं कोकरू टेकावर न्यायचं ठरवलं. मायाक्कानं बोटानं दूध पाजून जगवलेलं होतं ते.

"ह्येच न्यायचं?" तिनं विचारलं.

"ह्येच खोकतंय, मायाक्का."

त्यानं ते बोरीच्या झुडपाला बांधलं. तीन सांजा कुणी आलं नाही. खाली मेंढरं मरतच होती. जन्मभर लांडग्याला हाकललेला धुळा माळाकडं तोंड करून ओरडायचा, "ये गं बाई! नासलंय तेवढं ने, पर राहिल्याली जगव!"

चौथ्या सांजेला लांब एक लांडगा दिसला, नुसता हाडांचा सापळा. धुळ्याचा कुत्रा गुरगुरला. धुळ्यानं कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. कोकरू खाली वाघरीपाशी बसलेल्या मायाक्काकडं बघून ओरडलं. ती उठली आणि परत खाली बसली.

लांडग्यानं ते नेलं, आणि पुढं खोकणारी सगळी एकेक करून नेली. चाळीसातली बावीस जगली, असं सांगतात. या माळावरचे आमचे सगळे कळप त्यांचीच पैदास.

आजही इथं उतरलो की खोकणारं मेंढरू टेकावर बांधतो. लांडगा आला तरी कुणी आरोळी देत नाही. मेंढरू मात्र हाका मारतं. आपल्या माणसालाच बोलावतं, दुसऱ्या कुणाला बोलावणार? तेवढा वेळ आमच्या बाया जातं ओढत बसतात, दाणे नसले तरी.