जादा आलेले दोन

"…आणि आठच्या पद्धतीत आपले आठ कसे लिहायचे?" अप्पांनी विचारलं.

"एकावर शून्य. तिथे आठ आणि नऊ हे आकडेच नसतात."

"सोळाच्या पद्धतीत दोनशे पंचावन्न?"

"एफ एफ." चंद्रहासने कॅल्क्युलेटरच्या बटणांकडे बघितलंसुद्धा नाही.

अप्पा तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन डोंगराखालच्या पत्र्याच्या खोलीत मुलांना कॅल्क्युलेटरवरचं गणित शिकवायचे. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली घासल्यावर सोमवारपासून नवी तुकडी आपणच घ्यायची, असं चंद्रहासने ठरवूनच टाकलं होतं. अप्पांचा होकार तेवढा राहिला होता.

"काल शमीम वर्ग सोडून का गेली?"

"काहीतरीच बोलत होती. म्हणे पाच आणि पाच, कॅल्क्युलेटर बारा दाखवतो. दोन जादा. मी म्हटलं, यंत्र चुकत नाही, बोटं मोज. सगळे हसले… गेली."

अप्पांनी चटईवर चिंचोक्यांचे चार ढीग मोजून मांडले आणि फळीवरचा कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला.

"बारा, एकवीस, चौदा, तेरा. बेरीज कर."

"बासष्ट." पापणी लवायच्या आत उत्तर.

अप्पांनी ढीग एकत्र केले. "मोज."

चंद्रहासने मोजले. साठ भरले. पुन्हा मोजले. साठच.

त्याने चटई उचलून पाहिली. फळीखाली हात घातला. भल्या माणसाने शेवटी अप्पांचं उपरणंही झटकून पाहिलं.

"दोन हरवलेत, अप्पा."

"शोध."

तो पुन्हा बेरीज करायला बसला आणि थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. यंत्र आठच्या पद्धतीवर होतं; तिथे पाच आणि पाच बारा असेच लिहितात.

"…हा कॅल्क्युलेटर कोणाचा?"

"काल इथेच टाकून गेली ती."

चंद्रहासचे कान तापले. त्याला खरोखर लाज वाटली. त्याने मान खाली घातली. मग ती वर केली.

"तरी मला शिकवायचंच आहे, अप्पा."

"हं…"

त्याचा अंगठा यंत्र दहाच्या पद्धतीवर आणायला बटणाकडे गेला. अप्पांनी त्यावर आपला पंजा ठेवला.

"राहू दे. आहे तसा तिच्या हातात दे. आणि तू चटईखाली काय शोधत होतास, ते तिला सांग."