तीनशे मीटर

विषय : हातात बांधावयाचे परदेशी घड्याळ, नग एक, विकत मिळणेबाबत.

संदर्भ : (१) श्री. सुकुमार मगदूम, पंप कारखानदार, जयसिंगपूर, यांचा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज. (२) दुकानाचे उत्तर : 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' (३) अर्जदाराची स्मरणपत्रे, सात. (४) दुकानाचे ताजे पत्र : रकाना क्रमांक नऊ कोरा आढळून आला, तो आठ दिवसांत भरून पाठवावा.

उपरोक्त रकाना असा होता : 'हेच घड्याळ घेण्यामागील आपली प्रेरणा काय? शंभर शब्दांत लिहा.'

"आणि हे भरलं नाही तर?" मठाच्या भानपुरी बुवांनी विचारले.

"तर घड्याळ यादीतल्या पुढच्या माणसाला जातं."

"पैसे कुणाचे?"

"माझे."

"आणि अर्जही तूच करायचा?"

"हो बुवा."

बुवांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते. मठात वीज यावी म्हणून त्यांनीही एकदा अर्ज केला होता, तो सहा वर्षे पडून होता. पण ते सरकार होते. दुकानाने गिऱ्हाइकाला तिष्ठत ठेवावे आणि गिऱ्हाइकाने ते मानाने सांगावे, हा प्रकार त्यांच्या पंचाहत्तर वर्षांत पहिलाच.

मगदूम मात्र चटईवर ताठ बसले होते. कृष्णेकाठच्या या मठाला त्यांनी पंप दिला होता. बारवेवर पाटी होती : 'मगदूम पंप्स यांजकडून सप्रेम भेट'. मठाचे नावही पाटीवर होते, खाली, जागा उरली तिथे. अशा दात्याला शंभर शब्द मिळायला हरकत नव्हती. बुवा बोलतात थोडे, पण नेमके, अशी त्यांची ख्याती होती.

"तूच सांग," बुवा म्हणाले. "का घ्यायचंय?"

मगदूमांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पुण्याच्या एका माणसाकडून त्यांनी मसुदे करून आणले होते.

"पहिला. 'उत्कृष्ट कारागिरीबद्दलचा आदर.'"

"कारागिरी पाहिलीस?"

"ती आत असते."

"उघडून बघ की."

"उघडलं तर गॅरंटी जाते."

बुवांनी मान हलवली. मगदूम पुढच्या मसुद्याकडे वळले.

"दुसरा. 'जीवनातील वेळेचे महत्त्व.'"

"किती वाजले?"

मगदूमांनी मोबाइल काढला. "साडेदहा."

"मग मनगटावर काय आहे?"

मगदूमांनी मनगटाकडे पाहिले. तिथेही एक घड्याळ होते, चांगले भरभक्कम.

"हे वेगळं," ते म्हणाले. "हे आधी घेतल्याशिवाय त्या घड्याळाचा अर्जच घेत नाहीत."

दाराशी बसलेला ड्रायव्हर रफिक खोकला. त्याला खोकला नव्हता.

"तिसरा आहे," मगदूम घाईने म्हणाले. "'पुढच्या पिढीसाठी अमूल्य ठेवा.'"

"लेक काय म्हणते?"

"ती म्हणते, पप्पा, मला मिक्सर द्या."

बुवांनी तिन्ही मसुदे घडीवर घडी करून परत दिले.

"हे पुण्याच्या माणसानं लिहिलंय. घड्याळ त्यालाच मिळू दे. तू खरं सांग."

मगदूमांनी रफिककडे पाहिले. रफिक गाडी पुसायला गेला. गाडी सकाळीच पुसली होती.

"माझ्या साडूकडे आहे ते. कोल्हापूरला असतो. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे, मांडवात तो येणार. बाही दुमडून येणार. मला त्याला दाखवायचंय."

"हे बरं बोललास. साडूनं का घेतलं?"

"मला दाखवायला."

"मग तुम्ही दोघं समोरासमोर बसा आणि दाखवा. दुकान मध्ये कशाला?"

मगदूमांना हसू आले नाही. दुकानाच्या मॅडमनी शब्द मोजून दिले होते, दिवस मोजून दिले होते, आणि इथे सकाळ चालली होती. त्यांनी पिशवीतून गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढून बुवांच्या मांडीवर ठेवली. मुखपृष्ठावर गर्द निळे पाणी, त्यात एक पाणबुड्या, आणि त्याच्या मनगटावर ते.

"तुम्ही बघितलं नाही म्हणून थट्टा करताय. साधं घड्याळ नाही ते. तीनशे मीटर पाण्याखाली चालतं!"

"तीनशे?"

"तीनशे. माझे पंपसुद्धा दीडशेच्या खाली जात नाहीत. तिथं बसवला की वीस-वीस वर्षं वर काढावा लागत नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू किती खाली गेलास?"

"मला पोहता येत नाही," मगदूम म्हणाले.

बाहेर फडक्याचा आवाज थांबला.

"कृष्णेकाठचा ना तू?"

"हो."

"घरात पंपाचा धंदा?"

"हो."

बुवा पुस्तिकेतल्या पाणबुड्याकडे पाहत बसले. त्यांच्या गप्प बसण्याने आजवर पुष्कळांना बोलते केले होते. मगदूमही तीन वर्षे गप्पच होते. खरे म्हणजे एक्केचाळीस वर्षे.

"अकरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "मामाच्या मळ्यातली विहीर. पाठीला भोपळा बांधला होता. सगळ्यांनी उड्या मारल्या. मी काठावर उभा राहिलो... सकाळपासून जेवणवेळेपर्यंत. मग मामानं भोपळा सोडला आणि म्हणाला, जा घरी. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'कोरड्या' पडलं."

"साडू तिथं होता?"

"तेव्हा साडू नव्हता. बाकावर शेजारी होता. नाव त्यानंच ठेवलं." मगदूमांनी पुस्तिका मिटली. "तीन वर्षांपूर्वी एका बारशाला आला. पाळण्याशेजारी उभं राहून मनगट पुढं केलं. मी म्हटलं, छान आहे. तर चारचौघांत म्हणतो, 'पाण्यातलं आहे बाबा, कोरड्या. तुझ्या काय कामाचं?'"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी अर्ज केला."

बुवा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू, पण उठले, आणि बारवेकडे चालू लागले. मगदूम पाठोपाठ गेले, शंभर शब्द बारवेवर मिळतील अशा समजुतीने.

बारव मठाहून जुनी. चौकोनी, काळ्या दगडाची, एका बाजूने पायऱ्या. आठ पायऱ्या उघड्या, बाकीच्या पाण्यात. समोरच्या भिंतीत पाण्यालगत एक देवळी, तिच्यात शेंदूर लावलेला गोटा. गावातली निम्मी माणसे याच पाण्यात, याच म्हाताऱ्याच्या शिव्या खात पोहायला शिकली होती. रफिकही त्यातलाच.

"त्या गोट्याला हात लावून ये," बुवा म्हणाले. "मग रकाना भरू."

"मी?"

"घड्याळाला येतंय."

"बुवा, पाणी खोल आहे."

"तीन पुरुष असेल. तीनशे मीटर नाही."

मगदूमांनी पाण्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच ती पाटी जरा लहान असती तर बरे, असे त्यांना वाटले.

"चेष्टा करताय."

"दिवस किती राहिले?"

"आठ."

"पुष्कळ झाले," बुवा म्हणाले, आणि खुंटीवरचे दोन वाळलेले भोपळे काढून त्यांनी सुंभ तपासायला घेतले.

पहिल्या दिवशी अर्जदार गुडघाभर पाण्यात दीड तास उभे राहिले. पाण्यात उतरण्यापूर्वी पंप बंद करावा, अशी सूचना त्यांनी स्वतःच केली. पंप त्यांच्याच कारखान्यातला होता, त्यामुळे या सूचनेचे महत्त्व सर्वांनी ओळखले. हातातले घड्याळ त्यांनी रुमालात गुंडाळून रफिककडे दिले, आणि तो ते नीट सांभाळतो आहे ना, हे दर पाच मिनिटांनी वळून पाहिले.

दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत. भोपळे बांधताना त्यांनी दोन्ही हातांनी वरची पायरी धरून ठेवली, म्हणून गाठ रफिकने मारली.

"मालक, सोडा की पायरी! भोपळा बुडू देत नाही."

"तुला काय जातंय बोलायला!"

"पगार तुमच्याकडं आहे, मालक. मी बुडू देईन होय?"

हे मात्र मगदूमांना पटले. त्यांनी पायरी सोडली, किंचाळले, आणि तरंगले. किंचाळणे संपल्यावरही ते तरंगतच होते, हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी घड्याळ काढून द्यायचे राहिले, कारण सकाळच्या घाईत ते घालायचेच राहिले होते. चौथ्या दिवशी बुवांनी एक भोपळा सोडला. पाचव्या दिवशी मगदूम पोटभर पाणी प्याले आणि कारखान्यात गेल्यावर फोरमनला, कुणी न विचारता, त्याची चव सांगितली. सहाव्या दिवशी बुवांनी दुसऱ्या भोपळ्याला हात घातला तेव्हा मगदूम मागे सरले.

"उद्या."

"बरं."

सातव्या दिवशी तो "उद्या" आला आणि तसाच गेला. मगदूम पायरीवर उभे राहिले. सकाळपासून उन्हे डोक्यावर येईपर्यंत. एक्केचाळीस वर्षांपूर्वी राहिले होते तसेच. बुवा शेजारी बसून जुने सुंभ वळत होते.

शेवटी मगदूम म्हणाले, "सांगा. जा घरी म्हणून सांगा."

"मी कुठं म्हटलं?"

"मग काय करू?"

"उभा राहा. मला घाई नाही."

मगदूम आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले. बुवांनी त्यांना थांबवले नाही, आणि भोपळाही खुंटीला टांगला नाही.

आठवा दिवस. दुकानाची मुदत दुपारी बारापर्यंत. मगदूम साडेअकराला आले. कोरा रकाना खिशात, मोबाइल हातात, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. त्यांनी सदरा काढला, मोबाइल बुवांच्या जवळ पायरीवर ठेवला, आणि भोपळ्याकडे न पाहता खाली उतरले. आठवी पायरी. नववी. दहावी. अकरावी. बारावी. पाणी छातीला लागले.

"रफिक," ते म्हणाले, "बुडलो तर कारखान्यात सांग, पंपाचा दोष नव्हता."

आणि त्यांनी पायरी सोडली.

पहिले चार हात कुत्र्यासारखे पडले. पाचवा हुकला. डोके खाली गेले. रफिकने सदरा काढायला घेतला. बुवांनी त्याचे मनगट धरले.

...

डोके वर आले. हात पडू लागले, वेडेवाकडे, पण एकामागून एक. पाणी चारी भिंतींवर आपटत होते. मध्ये आल्यावर मगदूमांनी एकदा मागे पाहिले. पायरी लांब होती. पुढे पाहिले. देवळीही लांब होती. तिथे, जिथून दोन्हीकडे सारखेच अंतर आणि खाली तीन पुरुष पाणी, तिथे पंप कारखानदार सुकुमार मगदूम एकाएकी हसू लागले. हसताना नाकात पाणी गेले. ते खोकले, हसले, आणि हात मारत राहिले.

तळवा शेंदराच्या गोट्यावर पडला.

"लावला!" ते ओरडले. बारवेने ते चार वेळा म्हटले. "बुवा, लावला हो! बघितलात का? ए रफिक, बघितलास?"

"बघितलं मालक!" रफिकने त्यांचा सदरा वाऱ्यावर फडकवला. "पार भिजलात!"

"कोरड्या म्हणतो मला! बोलाव त्याला! बोलाव म्हणावं, मांडव इथंच घालू!" आणि देवळीला धरून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते मोठमोठ्याने रडले. बारवेत आधीच इतके पाणी होते की कुणाला ते वेगळे दिसले नाही.

पायरीवरचा मोबाइल वाजू लागला.

"मालक, दुकान!" रफिक म्हणाला. "बाराला पाच आहेत."

बुवांनी मोबाइल उचलला, आधी उलटा धरला, मग रफिकने दाखवला तसा सुलटा. दुकानाच्या मॅडमचा आवाज मधाळ होता. सरांचे अभिनंदन. सरांचा अर्ज वरिष्ठांनी खास बाब म्हणून मंजूर केला आहे. रकाना नऊची अट शिथिल करण्यात आली आहे. आता फक्त सरांचा होकार हवा. सर आहेत का?

बुवांनी पाण्याकडे पाहिले.

"मगदूम! घड्याळवाले विचारतात, घेणार का?"

मगदूमांनी देवळी सोडली होती. ते पाठीवर पडून आभाळाकडे पाहत होते. पाठीवर पोहायला त्यांना कुणी शिकवले नव्हते.

"काय म्हणालात?"

"घड्याळ!"

"थांबायला सांगा," मगदूम म्हणाले, आणि वळून पुन्हा देवळीकडे निघाले.

बुवांनी मोबाइल कानाला लावला.

"बाई, तुमचा अर्ज विचाराधीन आहे."