नदीची फिरती ढाल

ही गोष्ट पंचक्रोशीत माझ्याइतकी झकास दुसऱ्या कोणालाच सांगता येत नाही. अर्थात दुसऱ्या कोणी सांगून पाहिलेलीच नाही.

साड्या रंगवणाऱ्या कारखान्याचे मालक वसंतराव हुपरीकर यांचं पोट एका ढालीपायी दुखायचं. स्वच्छ नदीची ती फिरती ढाल दोन वर्षं कारखान्याच्या खालच्या अंगाला, मासेमारांच्या भोईवाडीत, यमुनाबाईंच्या ओसरीवर लटकत होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे ढाल, आणि आपल्या काचेच्या कपाटात नुसती धूळ! वसंतरावांना अन्न गोड लागेना. तिसऱ्या पोळीनंतर तर मुळीच नाही.

यंदा नियम निघाला, की ढाल मिळेल त्याच्या सांडपाण्याची तीन वर्षं तपासणी नाही. म्हणजे ढाल कारखान्याला गेली, की भोईवाडीचे मासे संपले.

तपासणीचे साहेब काठावर आले. वसंतरावांनी पर्यावरण व्यवस्थापनाचा उशीएवढा अहवाल तासभर वाचला आणि छाती फुगवून म्हणाले, "साहेब, नदीतून घेतो त्याहून स्वच्छ पाणी आम्ही नदीत परत सोडतो. विचारा या बाईंना, आहे का यांच्याकडे असलं तंत्र?"

साहेबांनी मान डोलावली. वसंतरावांनी ढालीसाठी हात पुढे केलेच.

यमुनाबाईंनी पदर खोचला. "न्हाई बा मालक, आमच्याकडं कुठलं तंत्र? पर मग तुमचा पाणी ओढायचा पंप सांडपाण्याच्या नाल्याच्या वरच्या अंगाला कशापायी? उद्याच त्यो नाल्याच्या खाली आणून बसवा की! तुमचं स्वच्छ पाणी आधी तुम्हालाच मिळू द्या."