उंबऱ्यापाशी पांगुळगाडा

“तुमचा शब्द ती मोडायची नाही, बुवा. तुम्ही नुसतं ‘जाऊ नकोस’ म्हणा. म्हणाल ना?”

विश्राम मेस्त्रीने काखेतला पांगुळगाडा गंगाधरबुवांसमोर ठेवला. सावंतवाडीत त्याचा लाकडी खेळण्यांचा कारखाना. बुवांचा तो जुना शिष्य, आणि एकदा बोलायला लागला की देवही त्याला थांबवू शकत नसे.

“आजोबांचा शोध हा! पेटंट आहे याला, सरकारी शिक्क्याचं. बाकीच्यांचे गाडे पुढे पळतात आणि पोर तोंडावर आपटतं. आमची चाकं पोराच्या पावलाबरोबरच फिरतात.”

पेटंटची मुदत केव्हाच संपली होती. पण हे विश्रामला सांगायची कुणाची छाती नव्हती.

“आजोबांनी केला, बाबांनी नावारूपाला आणला, मी सांभाळला. आणि आमची एकुलती एक शलाका म्हणते, जहाजं बांधायला शिकणार. विशाखापट्टणमला!”

“शिकू दे की.”

“आणि कारखाना? घराण्याचं नाव? माझ्यामागे कोण आहे, बुवा?”

शलाका बाहेर ओटीवर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. विश्रामचा आवाजच तसा.

बुवा गाड्याकडे बघत राहिले.

“चालतो का रे चांगला?”

“चांगला? परीक्षा घ्या हवी तर!”

बुवा उठले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं. कमरेत वाकून त्यांनी गाड्याची दांडी धरली आणि एकेक पाऊल टाकत निघाले.

“अहो बुवा... लहान मुलांचा आहे तो! कुणी बघेल ना!”

बुवा आपले चाललेच. खडखड करत गाडा दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याला टेकून थांबला.

“अडला रे.”

“अडणारच. उंबरा कसा ओलांडेल तो?”

“पेटंटवाला ना?”

“थट्टा करू नका, बुवा. पोराने घरातल्या घरात चालायला शिकावं म्हणून असतो गाडा. उंबऱ्याबाहेर...”

विश्रामची नजर उंबऱ्यावर गेली.

“उंबऱ्याबाहेर काय?”





“उंबऱ्याबाहेर पोर गाडा सोडून जातं.”

बुवांनी दांडी सोडली. उंबरा ओलांडून ते ओटीवर शलाकाशेजारी जाऊन बसले.

“बाबा,” शलाका तिथूनच म्हणाली, “कारखाना मला आवडतो. पण मला जायचंय. तुम्ही नको म्हणालात तर मी राहीन... पण मग रोज तुमचा राग येईल मला.”

विश्रामला भरून आलं. ते लपवायला तो खाली बसला आणि उगाचच गाड्याचं चाक फिरवून बघू लागला. चाक ठीकच होतं.

“गाडी कधीची आहे?” त्याने विचारलं.

“गुरुवारची.”

“स्टेशनवर सोडायला मी येईन. रिक्षाबिक्षा नको.”

शलाकाने हो म्हणून मान हलवली.

गाड्याची दांडी धरून उठत विश्राम म्हणाला, “आणि गाड्याने काय करायचं, बुवा?”

“आत उभं राहायचं,” बुवा म्हणाले. “रांगतं कुणीतरी येतंच.”