बिरुदांनी फोडलेली गुप्त लिपी

ऐका बरं का, लहानांनी पुढे सरकून आणि मोठ्यांनी कान टवकारून. फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी किल्ल्याला एका बलाढ्य राजाने वेढा घातला होता. किल्ल्याला दरवाजे दोन, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. आत लढणारी माणसं जेमतेम साठ. एक दरवाजा त्यांनी नक्की राखला असता, दोन्ही राखणं अशक्य. हल्ला कोणत्या दरवाजावर येणार हे कळलं नाही, तर किल्ला आणि आतली पोरंबाळं गेलीच म्हणून समजा.

राजाची छावणी पूर्वेला, सेनापतीची पश्चिमेला. दोघांमध्ये जासूद धावत, आणि एक पकडला गेला तरी दुसरा पोचावा म्हणून प्रत्येक पत्र दोन वाटांनी जाई. किल्लेदाराच्या शिपायांनी तीन जासूद पकडले, तीन पत्रं हाती आली. पण वाचणार कशी? प्रत्येक अक्षराऐवजी एक ठरलेली खूण होती. कुठे चंद्रकोर, कुठे कावळ्याचा पाय, कुठे नुसती टिंबं.

पंडित कामाला लागले. ही खूण 'क' धरून बघू, नाही जमलं तर 'ग' धरून बघू. दोन दिवस डोकेफोड केली आणि हाती भोपळा आला.

तेवढ्यात सतरंज्या विणणारी एक बाई किल्लेदाराकडे आली. जन्मभर धागे मोजलेले, त्यामुळे नक्षी कुठे पुन्हा येते ते तिच्या नजरेतून सुटत नसे. तिने तिन्ही पत्रं शेजारी शेजारी अंथरली.

"किल्लेदार, या तिन्हींची पहिली ओळ एकच आहे. खुणेला खूण जुळतेय."

"असेल. मग काय, काकू?"

"या राजाचं काहीही असो, सगळ्यात आधी काय येतं?"

किल्लेदाराच्या अंगावर सर्रकन काटा आला. राजाचे भालदार रोज तीनदा तटाखाली येऊन ललकारत, "भूमंडळपालक, शत्रुमर्दन, गजदळभंजन, प्रतापसूर्य महाराज!" ऐकून ऐकून किल्ल्यावरच्या शेंबड्या पोरांनाही ती बिरुदं पाठ झाली होती.

अहो, मग काय विचारता! एकेका खुणेखाली बिरुदांचं एकेक अक्षर मांडलं, तर ओळ शेवटपर्यंत चपखल बसली. 'म' कळला, 'प' कळला, 'ल' कळला. तीच अक्षरं खालच्या ओळींत घातली, तसे अर्धे शब्द उघडे पडले. उरलेले पंडितांनी भराभर ओळखले. मला सांगतानासुद्धा हुरूप येतोय, त्यांचं काय झालं असेल! शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, "येत्या पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पूर्वेला नुसता गलबला करू. खरा हल्ला तुम्ही पश्चिमेला करा."

पौर्णिमेच्या सकाळी पूर्वेला ढोल, नगारे, आरडाओरडा. किल्ल्यावरून कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. साठच्या साठ माणसं पश्चिम दरवाजावर दगडगोटे घेऊन तयार होती. सेनापतीची फौज अर्ध्या चढावरच अशी झोडपली गेली की दुपारपर्यंत वेढा उठला. आतलं एकही पोर गमावलं नाही.

परतीच्या वाटेवर राजाने लिपी बनवणाऱ्या कारकुनाला समोर उभं केलं. "फितूर कोण? आपलं गुपित त्यांना कोणी सांगितलं?"

कारकून हात जोडून म्हणाला, "महाराज, आपणच. रोज तीनदा ललकारी देऊन, आणि तीच बिरुदं प्रत्येक पत्राच्या माथ्यावर घालून."

बोध: ज्याला मिरवल्याशिवाय राहवत नाही, त्याचं गुपित कितीही पक्क्या कुलपात असलं तरी किल्ली तो स्वतःच चव्हाट्यावर ठेवतो.