एक लाख अकरा हजार एकशे अकरा मोती

एका राज्यात, सूर्य उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या, तेव्हा राजकन्येच्या पाळण्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि माणसासारखी बोलली.

"राणी कनकांगी, तुझ्या राजाने कालजंघ जादूगाराचे मोती लुटून आणले. आता शाप ऐक. तीन दिवस, तीन आज्ञा. आज सगळ्या मोत्यांच्या सात रांगा लाव, उद्या अकरा, परवा तेरा. एकदा जरी सगळ्या रांगा सारख्या भरल्या, तर लेक तुझी. नाहीतर आज तिचे पाय दगड होतील, उद्या कंबर, परवा सगळीच."

राणीने आधी लेकीच्या नाकाशी बोट धरले. श्वास होता. मग तिला कडेवर घेऊन ती भांडारात गेली.

गोमाजी भांडाऱ्याने रिवाजाप्रमाणे पहिला मोती देवाच्या कोनाड्यात ठेवला. त्या राज्यात काहीही मोजायचे तर पहिला नग देवाचा. तो मोजणीत धरत नसत. बाकीचे भरले एक लाख अकरा हजार एकशे दहा.

"सात रांगा!" राणी म्हणाली.

मोती आपणच घरंगळत जाऊन बसले. सहा रांगा भरल्या, सातवीत एक मोती कमी. लेकीचे पाय गार पडले.

दुसऱ्या दिवशी अकरा रांगा. दहा भरल्या, अकरावीत एक कमी. लेक दूध प्यायली, पण कमरेखाली हलली नाही.

"बाईसाहेब, मेले मोतीच खोडसाळ," गोमाजी म्हणाला. "बाजारातून एक आणू का?"

"बाजारचा मोती आज्ञा पाळेल होय रे, भांडाऱ्या?" साळुंकी हसली.

राणी लेकीला थोपटत बसून राहिली. सात वेगळे, अकरा वेगळे. मग दोन्हीकडे एकच कसा कमी पडतो? तो हरवलेला नाही. तो बाजूला ठेवलेला आहे.

तिसऱ्या दिवशी ती थेट कोनाड्याशी गेली.

"अहो, देवाचा आहे तो! आजवर कुणी हात लावला नाही!"

"देवालाच मागून घेते, गोमाजी. देवाचा म्हणून काय मोजायचाच नाही?"

तिने तो मोती राशीत टाकला. एक लाख अकरा हजार एकशे अकरा झाले. ही संख्या लिहिली की सहा एके ओळीने उभे राहतात.

"तेरा रांगा!"

तेराही भरल्या. एकेकीत आठ हजार पाचशे सत्तेचाळीस. मग न सांगता मोती अकरा रांगांत बसले, दहा हजार एकशे एक. मग सात रांगांत, पंधरा हजार आठशे त्र्याहत्तर. कुठे एक उरला नाही, एक कमी पडला नाही.

लेकीने लाथ झाडली. मोती उठले आणि साळुंकीमागून उडत आपल्या धन्याकडे गेले. राजाने दवंडी पिटवली की, देवाचा नग देवाला द्यावा, पण आधी मोजावा.

राणीने मात्र पाळण्यापाशी बसून लेकीच्या पायांची बोटे मोजली, अगदी पहिल्यापासून. दहा भरली.

ऐकलेत ना? मग आता उठा, आणि जिथे जिथे पाळणा हलतो आहे, त्या घरी आधी जाऊन हे सांगा.