पट्ट्यांचा मान

रस्त्यांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका गावात बाजाराच्या रस्त्यावर पायी ओलांडण्यासाठी नवे पांढरे पट्टे होते आणि त्यांच्या अलीकडे एक जुना, टेंगळासारखा स्पीडब्रेकर. गाडीवाले त्याला शिव्या घालत, पण पट्ट्यांपाशी हळू येत. मग चंपी शेळी करडांना घेऊन निवांत पलीकडे जाई.

पट्टे फुशारले. "गाड्या आमचा मान ठेवतात. तू मध्ये कशाला रे? उगाच आमची शोभा घालवतोस."

"बाबांनो, त्यांना तुमचा मान नाही, स्वतःच्या कमरेची काळजी आहे," स्पीडब्रेकर म्हणाला. पट्ट्यांना ते झोंबलं.

पुढे मंत्र्यांचा ताफा येणार म्हणून रोलर आला. "याला सपाट करू का?" त्यानं पट्ट्यांना विचारलं.

"खुशाल कर. आम्ही आहोत की!"

ताफा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी करडांच्या पुढे होऊन चंपीनं नेहमीसारखा पट्ट्यांवर पाय ठेवला. भरधाव टेम्पो थांबलाच नाही.

आता करडं एकटीच रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहतात. त्यांनी पाय उचलला, की ज्यांनी सगळ्यांना बोलवायचं तेच पट्टे कळवळून ओरडतात, "बाळांनो, आमच्यावर येऊ नका रे!"